गोळी बंद करण्याची चिठ्ठी

नैराश्यावरची गोळी सुरू होते त्या दिवशी डॉक्टर काही गोष्टी हमखास सांगतात : केव्हा घ्यायची, गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायची नाही. थांबवायची वेळ खरोखर आली की ती कशी थांबवायची, हा विषय त्या दिवशी सहसा निघत नाही. तो निघावा का, यावर दोन माणसांचं पटत नाही. दोघांचंही म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे, म्हणून इथं मांडतो आहे.

दोघेही कुपवाडचे. आप्पा औषधाचं दुकान चालवतात; केस काउंटरमागंच पिकले. दुसरा एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. नावं मुद्दाम देत नाही. अनेकांचं बोलणं या दोघांच्या तोंडी एकत्र आलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कुपवाडला डॉक्टर दूर नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ पासून एकाच महापालिकेत आहेत, आणि डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभारल्यापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे. जतपासून विजापूरपर्यंतची माणसं तिथं उपचाराला येतात. कुपवाडच्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञ रिक्षाच्या अंतरावर आहे. त्यामुळं इथं जे बिघडतं, ते डॉक्टर नाही म्हणून बिघडत नाही. बोलणं होत नाही म्हणून बिघडतं.

सुपरवायझर : आप्पा, दोन वर्षं तुमच्याकडनं गोळी नेली. चिठ्ठी बघितलीत, स्ट्रिप कापून दिलीत, पैसे घेतलेत. एकदा तरी म्हणालात का, ‘बाबा रे, ही एकदम सोडू नकोस’?

आप्पा : तू बोलू दिलंस कधी? दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून यायचास. स्ट्रिप हातात पडली की खिशात. घरी ती व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतून ठेवायचास, हे तूच सांगितलंस मला. आणि डॉक्टरांना न विचारता बंद कुणी केली? मी?

सुपरवायझर : मीच केली. का केली तेही सांगतो. बरं वाटत होतं. वजन वाढलं होतं. आणि नवरा-बायकोत जे असतं, ते संपल्यात जमा होतं. दारात पन्नास माणसं ताटकळत बसलेली असताना डॉक्टरांपुढं हे बोलायचं कसं? एका रविवारी ठरवलं, आता बास.

आप्पा : तेवढं एक वाक्य बोलला असतास तर त्यांनी डोस बदलला असता, नाहीतर गोळी बदलली असती. ही तक्रार त्यांना नवीन नसते.

सुपरवायझर : त्यांना नवीन नसते ना? मग त्यांनीच विचारावं की.

इथं मी सुपरवायझरच्या बाजूनं आहे. लैंगिक इच्छा मंदावणं हा या गटातल्या औषधांचा सर्वांना माहीत असलेला परिणाम आहे, आणि दवाखान्यात सगळ्यात कमी बोलला जाणाराही तोच. गोळी गुपचूप सोडणाऱ्या पुष्कळांच्या मनात हेच कारण असतं. ज्याला ते ठाऊक आहे त्यानं आधी विचारायचं, की ज्याला लाज वाटते त्यानं?

सुपरवायझर : रविवारी सोडली. सोमवारी काही नाही. मंगळवारी फर्स्ट शिफ्टला गरगरायला लागलं. वाटलं, पित्त असेल. बुधवारी करंट सुरू झाला.

आप्पा : करंट म्हणजे?

सुपरवायझर : हातात मायक्रोमीटर आहे. जॉबवरनं नजर काढून आकड्यावर न्यायची, एवढीच हालचाल. तेवढ्यात डोक्यात सर्रकन काहीतरी जातं. दुखत नाही. पण क्षणभर लाइट जाऊन आल्यासारखं होतं. मान वळवली की पुन्हा. लेथवर उभ्या असलेल्या पोराकडं बघायला मी अख्खा वळायचो, डोळे एका जागी धरून. रात्री स्वप्नं अशी, की जागा झालो तरी खरी वाटायची. चौथ्या दिवशी पोरीच्या गृहपाठाची वही बघताना रडू आलं. तिनं सगळी गणितं बरोबर सोडवलेली होती.

आप्पा : आणि तू गेलास गल्लीतल्या डॉक्टरकडं.

सुपरवायझर : गेलो. ते म्हणाले, ‘आजार उलटलाय, गोळी आता कायमची.’ त्या वाक्यानं मी जेवढा खचलो, तेवढा त्या करंटनंही नव्हतो खचलो.

आप्पा : त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. रडू येणं, झोप उडणं, चिडचिड, ही आजाराचीच लक्षणं. इतक्या वर्षांत गोळी सोडून पुन्हा खाटेला खिळलेली माणसं मी बघितलीत. आजार परत येतो बाबा. तो परत येत नाही असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

आप्पांच्या या धास्तीला आधार आहे. इंग्लंडमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. बराच काळ गोळी घेत असलेल्या आणि आता थांबवायला हरकत नाही असं वाटणाऱ्या लोकांचे दोन गट केले होते. एका गटाची गोळी चालू ठेवली, दुसऱ्याची हळूहळू काढून घेतली. वर्षभरात गोळी चालू असलेल्यांपैकी ३९ टक्के आणि थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं नैराश्य उलटलं. आप्पा यातले छप्पन्न बघतात. सुपरवायझर उरलेले चव्वेचाळीस बघतो, ज्यांचं गोळीवाचून वर्ष निभावलं. दोघांनाही तो हक्क आहे. पण या माणसाचं नेमकं काय झालं होतं, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी त्याचा रविवार, मंगळवार आणि बुधवार पाहावा लागतो.

नैराश्य परत येतं ते सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, पायरीपायरीनं. गोळी सुटल्याचा त्रास दोन-चार दिवसांत येऊन उभा राहतो. नैराश्यात नजर वळवल्यावर डोक्यात करंट मारत नाही. गोळी सुटल्यावर मारतो. गरगरणं, मळमळ, अंगात कणकण, झिणझिण्या, घाम आणि चित्रविचित्र स्वप्नं हा सगळा गोतावळा गोळी सुटल्याचा. आणि सगळ्यात बोलका पुरावा असा : गोळी पुन्हा सुरू केली की हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो. आजार उलटलेला असता, तर त्याच गोळीचा गुण यायला आठवडे लागले असते. काही माणसांत हे दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि निवाडा सोपा राहत नाही, हेही खरं. म्हणून तारखा लिहून ठेवायच्या. गोळी कधी बदलली आणि कुठल्या दिवशी काय झालं, एवढी नोंद डॉक्टरांच्या हातात असली तर अर्धं निदान तिथंच होतं.

सुपरवायझर : गोळी परत सुरू केल्यावर मला दीड दिवसात उतार पडला, आप्पा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, ही तर दारूच झाली. नाही मिळाली की हात थरथरणार, मिळाली की बरं.

आप्पा : हे मात्र मी ऐकून घेणार नाही. दारुड्याला कालच्यापेक्षा आज जास्त लागते. तुला दोन वर्षांत दहाची वीस लागली का? गोळीसाठी घरातलं काही विकलंस? गोळी घेऊन कधी झिंगलास? अरे, बीपीची प्रोप्रॅनोलोल एकदम सोडली तर छातीत धडधड होते. स्टिरॉइड महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवलं तर माणूस आडवा होतो. म्हणून ती काय व्यसनं झाली?

सुपरवायझर : मग सुटत का नाही?

आप्पा : शरीरानं तिच्याशी जुळवून घेतलेलं असतं. ते जुळवणं उलगडायला वेळ लागतो.

सुपरवायझर : हेच वाक्य, आप्पा. हेच कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं.

आप्पांचं हे उत्तर शास्त्राला धरून आहे, आणि सुपरवायझरचा राग माणसाला धरून. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि परत ओढून घेतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन ही औषधं ते परत ओढणं रोखतात. महिनोन्‌महिने असं चाललं की मेंदू स्वतःची मांडणी त्याप्रमाणे बदलून घेतो. औषध अचानक गेलं की जुनी मांडणी परत बसेपर्यंत हा गोंधळ चालतो. औषध शरीरातून जितक्या लवकर निघून जातं, तितका गोंधळ सहसा जास्त. व्हेन्लाफॅक्सीन काही तासांत निम्मं उतरतं, पॅरोक्सेटीन साधारण दिवसात. म्हणून ही दोन्ही सोडायला कुप्रसिद्ध. एस्सिटालोप्रामला दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. फ्लुऑक्सेटीन आणि त्याच्यापासून शरीरात तयार होणारा घटक मात्र आठवडे रेंगाळतात, त्यामुळं ते बरेचदा आपोआप हळूहळू उतरतं. पाठदुखीला किंवा अर्धशिशीला दिली जाणारी अमिट्रिप्टिलीनही याच नात्यातली, जुन्या पिढीची. ती घेणाऱ्या कित्येकांना आपण नैराश्याच्या औषधांपैकी एक घेतोय याचा पत्ताही नसतो. तीही एकदम सोडली तर मळमळ आणि निद्रानाश मागं लागतात.

हे सगळं काल-परवा कळलेलं नाही. या औषधांची कहाणी क्षयरोगापासून सुरू होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर इप्रोनियाझिड देऊन पाहिलं, तेव्हा रुग्ण अनपेक्षितपणे हसू-बोलू लागले, आणि त्यातून नैराश्यावरचं औषध निघालं. (सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं, हे इथल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. त्या आजाराशी या भागाचं नातं जुनं आहे.) पुढं १९५७ साली स्वित्झर्लंडमधले डॉक्टर रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण जाहीर केला. ते थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाच्या नोंदी १९५९ सालीच वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. साठाहून अधिक वर्षं डॉक्टरांच्या जगात जे छापलेलं आहे, ते कुपवाडच्या सुपरवायझरला स्वतःच्या डोक्यात करंट बसल्यावर कळावं, याला मी साधी हयगय म्हणणार नाही. हा अन्याय आहे.

आप्पांचं मात्र यावर वेगळं म्हणणं आहे, आणि ते सहजासहजी सोडत नाहीत.

आप्पा : समज, मी काउंटरवर पाटी लावली : ‘ही गोळी सोडताना त्रास होतो.’ उद्या काय होईल? आधीच शंभरातली किती माणसं ह्या डॉक्टरकडं जातात? देवऋषी झाला, उतारा झाला, अंगारा झाला की मग मिरज. माझ्या दुकानात एक बाई आली होती. कशीबशी गोळी सुरू केली होती तिनं. कुणीतरी सांगितलं, ‘ह्याची सवय लागते, सुटत नाही.’ पाचव्या दिवशी राहिलेली स्ट्रिप परत करायला आली. मी घेतली नाही, समजावलं, उपयोग झाला नाही. पुढं तिचं जे झालं, ते मी तुला सांगत नाही. गोळी न घेतल्यानं माणूस जातो. करंटनं नाही जात.

सुपरवायझर : मला पहिल्या दिवशी कळलं असतं, तर मी गोळी घेतलीच नसती असं वाटतं तुम्हाला?

आप्पा : तू घेतली असतीस. ती बाई नसती घेतली. आणि नुसतं ऐकूनही त्रास होतो माणसाला, हे विसरू नकोस.

आप्पांचं हे शेवटचं वाक्य अंदाजानं बोललेलं असेल, पण खरं आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त जर्मन संशोधकांनी ७९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. गोळी थांबवल्यावर ३१ टक्के लोकांनी काही ना काही त्रास सांगितला. पण ज्यांना औषध म्हणून नुसती पिठाची गोळी दिली होती, त्यांच्यापैकीही १७ टक्के लोकांनी ती थांबल्यावर त्रास सांगितला. गंभीर त्रास साधारण पस्तिसात एकाला. याच्या आधी, २०१९ साली, दोन ब्रिटिश संशोधकांनी मांडलेल्या हिशेबात निम्म्याहून जास्त, ५६ टक्के, लोकांना त्रास झाला होता. त्यात लोकांनी आपण होऊन भरून दिलेल्या पाहण्याही होत्या, म्हणून आकडा फुगला असं काहींचं मत. तर जर्मन हिशेबातले बरेच अभ्यास थोडे आठवडे औषध घेतलेल्यांवरचे, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना तो आकडा लागू नाही, असं दुसऱ्यांचं मत. हा वाद मिटलेला नाही.

सुपरवायझरला मी हे आकडे सांगितले तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘एकतीसातले सतरा सोडून देऊ. राहिलेल्या चौदांना कोण सांगणार?’

आप्पांना लगेच उत्तर सुचलं नाही. त्यांच्या भीतीची मला कदर आहे, पण गप्प राहून ती टळत नाही. त्या बाईला ‘सुटत नाही’ हे शेजारणीनं सांगितलं. डॉक्टरनं आधीच सांगितलं असतं, की सोडताना काहींना त्रास होतो, तो हळूहळू सोडून कमी करता येतो आणि ते मी करून देईन, तर शेजारणीच्या बोलण्याला एवढं वजन आलंच नसतं. आणि कायद्यानंही हा प्रश्न मोकळा ठेवलेला नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या बाविसाव्या कलमानुसार प्रस्तावित उपचार काय आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम कोणते, हे रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत कळायला हवं. सांगणं ही डॉक्टरांची मेहेरबानी राहिलेली नाही.

आप्पा : बरं, कळवलं सगळं. पुढं? एक दिवसाआड घ्यायची, मग दोन दिवसांआड. असंच सांगत आलो आम्ही.

सुपरवायझर : तेच चुकतं म्हणाले मिरजेचे डॉक्टर, मी गेलो तेव्हा. एक दिवसाआड म्हणजे अंगात एक दिवस भरती, एक दिवस ओहोटी. रोज घ्यायची, पण कमी. आणि त्याच्याही आधी दुसरी एक गोष्ट निघाली. आप्पा, माझ्या गोळीत दोन औषधं होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

आप्पा : दहा आणि पॉइंट पाच. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम. स्ट्रिपवर लिहिलेलं असतं की.

सुपरवायझर : मुंगीएवढ्या अक्षरांत.

या जागी सगळ्यांनीच जरा थांबायला हवं, कारण हा आपल्याकडचा खास धोका आहे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून विकण्याची पद्धत भारतात फार रुळली आहे. पहिलं नैराश्यावरचं, दुसरं घबराट आणि झोपेसाठीचं. दुसऱ्याची खरी सवय लागू शकते, आणि बराच काळ घेऊन ते अचानक तोडलं तर कमालीची घालमेल, निद्रानाश, थरथर आणि काहींना फीटसुद्धा येऊ शकते. एका गोळीत दोन औषधं असली की रुग्ण ‘गोळी बंद केली’ म्हणतो तेव्हा एकाच दिवशी दोन्ही तुटतात. सुपरवायझरनं रविवारी काय केलं होतं, ते आता कळेल. ही दोन्ही औषधं उतरवायची रीत आणि चाल वेगळी असते, म्हणून आधी त्यांच्या गोळ्या वेगळ्या कराव्या लागतात. ते काम डॉक्टरांचं. घरच्या घरी जोडगोळीचे तुकडे करून ते होत नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी तसंच केलं. जुना डोस पुन्हा सुरू, मग गोळ्या वेगळ्या, मग क्लोनाझेपाम हळूहळू उतरवून बंद. नंतर एस्सिटालोप्रामची पाळी. दहाची पाच झाली तेव्हा आठवडाभर झोप बिघडली, मग जमलं. सुपरवायझर खूश होता. पाचाची शून्य करायला कितीसा वेळ, असं त्याला वाटलं.

त्याला जास्तच वेळ लागतो, आणि यामागचं कारण अलीकडे नीट मांडलं गेलं आहे. २०१९ साली लंडनच्या होरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातून मिळालेले आकडे पुढं ठेवले. एस्सिटालोप्रामचंच जवळचं भावंड असलेल्या सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅममध्ये मेंदूतल्या सेरोटोनिन परत ओढणाऱ्या ठिकाणांपैकी सुमारे ८० टक्के अडलेली असतात. डोस जवळपास ५ वर आणला तरी ६० टक्क्यांच्या आसपास अडलेलीच असतात. म्हणजे पाऊण डोस गेला तरी परिणाम पावच उतरला. बाकीचा सगळा उतार शेवटच्या त्या पाच मिलिग्रॅममध्ये दडलेला. जुन्या विहिरीच्या पायऱ्या वर सारख्या असतात आणि पाण्याजवळची पायरी एकदम खोल असते, तसं. म्हणून दर वेळी ठरावीक मिलिग्रॅम कमी करण्यापेक्षा चालू डोसच्या काही हिश्श्यानं कमी करत जायचं, असं आता सांगितलं जातं. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत हेच धोरण ठेवलं. काहींना काही आठवडे पुरतात, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना महिनेही लागू शकतात.

अडचण खाली, काउंटरवर येते. एस्सिटालोप्रामची सर्वसाधारणपणे मिळणारी सगळ्यात लहान गोळी पाचाची. तिचा अर्धा अडीच. त्याच्याही खाली काय?

आप्पा : मधे रेघ असलेली गोळी मी कटरनं नीट अर्धी करून देतो. पावही होते, थोडा भुगा पडतो. पण कॅप्सूल उघडायची नाही, आणि ‘एसआर’, ‘ईआर’ लिहिलेली गोळी तोडायची नाही. ती हळूहळू विरघळावी म्हणून तशी केलेली असते. तोडली की औषध एकदम अंगात. परवा एकानं व्हेन्लाफॅक्सीनची कॅप्सूल उघडून पाण्यात टाकली होती.

सुपरवायझर : बघा. हे तुम्हाला येतं आणि आम्हाला येत नाही. तरी म्हणता, सांगू नये.

आप्पा : सांगू नये असं नाही म्हणालो. कुणाला, कधी आणि किती, हे बघून सांगावं म्हणालो.

सुपरवायझर : आणि ते बघणार कोण? तुमच्या काउंटरवर संध्याकाळी सातला?

इथं दोघांचं अडलं ते अडलंच, आणि मला त्यात नवल वाटत नाही. आप्पांना एकटी, घाबरलेली बाई दिसते. सुपरवायझरला स्वतःसारखा, सगळं समजू शकणारा आणि काहीच न सांगितला गेलेला माणूस दिसतो.

डोस उतरवण्याच्या या सहा-सात महिन्यांत सुपरवायझरनं जे केलं, त्यातलं बरंच कुणालाही करण्यासारखं आहे. डोस कमी करायचा तो आठवडा त्यानं नाइट शिफ्ट संपल्यानंतरचा निवडला, कारण झोपेचं वेळापत्रक आधीच उलटंपालटं असताना कशानं झोप उडाली हे कळत नाही. मार्चअखेरचा गर्दीचा माल, भावाचं लग्न, अशा काळात त्यानं डोसला हात लावला नाही. गरगरत होतं ते चार दिवस मोटरसायकल घरी ठेवली आणि क्रेनखालचं काम दुसऱ्याकडं दिलं. फिरत्या मशीनजवळ हा विषय नुसत्या त्रासाचा राहत नाही, हात जाण्याचा होतो. रोज एकाच वेळी गोळी, संध्याकाळी चालणं, रात्रीचा चहा बंद. दारू पूर्ण बंद, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. झोप येत नाही म्हणून एक पेग मारायचा हा इथला नेहमीचा उपाय, आणि क्लोनाझेपामसोबत तो जिवावर बेतू शकतो. एखादी पायरी सोसली नाही तर आधीच्या पायरीवर परत जायचं, तिथं स्थिर व्हायचं आणि मग अजून लहान पायरी घ्यायची. परत चढणं म्हणजे हरणं नाही, हे डॉक्टरांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि त्यानं बायकोला सांगितलं. गोळीची बाटली दाखवली, आत व्हिटॅमिन नाही हे सांगितलं. ती चिडली, ते गोळीमुळं नाही, दोन वर्षं लपवल्यामुळं. आता डायरी तीच लिहिते. ‘आज चिडचिड’, ‘आज करंट दोनदा’, ‘आज बरा’. डॉक्टर ती डायरी आधी वाचतात, मग त्याच्याकडं बघतात.

सध्या तो पाचाच्या गोळीच्या अर्ध्यावर आहे. पुढची पायरी कधी, हे ठरलेलं नाही. कदाचित तो पूर्ण सुटेल, कदाचित डॉक्टर म्हणतील की थोडी चालू ठेवू. दोन्हीत कमीपणा काही नाही. वारंवार नैराश्य येऊन गेलेल्या माणसासाठी गोळी चालू ठेवणं हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि आप्पा हे पोटतिडकीनं सांगतात तेव्हा ते बरोबर असतात.

आप्पांनी पाटी लावलेली नाही. पण हल्ली या औषधांची पहिली चिठ्ठी घेऊन कुणी आलं की ते स्ट्रिप देताना हळू आवाजात एक वाक्य बोलतात : ‘बंद करायची झाली तर आधी डॉक्टरांना विचारा, एकदम नको.’ मला विचाराल तर एवढं पुरेसं नाही. हे वाक्य दवाखान्यातून निघतानाच माणसाच्या हातात लिहून पडायला हवं.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची अशी गोळी चालू असेल, तर हा लेख वाचून ती उद्या बंद करू नका. गोळीत किती औषधं आहेत ते स्ट्रिप वाचून किंवा दुकानदाराला विचारून माहीत करून घ्या. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा : ही किती काळ घ्यायची, आणि थांबवायची वेळ आली की कशी थांबवायची. उत्तर चिठ्ठीवर लिहून मागा. आधीच बंद केली असेल आणि त्रास होत असेल, तर सोसत बसू नका, डॉक्टरांना तारखांसकट सांगा. फीट आली, कित्येक रात्री झोपच लागली नाही, किंवा जगू नये असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि तिथं मराठीत बोलता येतं.